कोकणातल्या मुख्याध्यापकांसाठी वर्षारंभाची कामं: मे अखेरीपासून ३० सप्टेंबरपर्यंत

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि मोसमी पाऊसही कोकणात त्याच सुमारास उतरतो. देशावरच्या शाळेत जूनमध्ये राहून गेलेलं काम जुलैत करता येतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात मात्र छपराचं, विहिरीचं, वाटेचं जे काम मृगाआधी झालं नाही ते थेट ऑक्टोबरवर जातं, आणि मधले चार महिने मुलं त्याच गळक्या वर्गात बसतात. म्हणून इथल्या मुख्याध्यापकांनी कामांचा क्रम परिपत्रकांच्या तारखांवरून लावू नये, पावसावरून लावावा. आधी इमारत, पाणी आणि वाट. मग प्रवेश आणि वर्गातलं शिकणं. पोर्टलची कामंही महत्त्वाचीच, शिक्षकांची पदं त्यांवरच ठरतात. पण ती रात्री रेंज आल्यावर करता येतात, शाकारणी (पावसाआधीची छपराची दुरुस्ती) करता येत नाही.

हा लेख मुख्यतः लहान शाळांसाठी आहे, जिथे दोन शिक्षक असतात आणि त्यातलेच एक मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळून स्वतःचा वर्गही घेतात.

नव्याने चार्ज घेत असाल तर

बदल्यांचा हंगाम आणि शाळा उघडण्याचा हंगाम एकच असल्यामुळे चार्ज घाईत घेतला जातो. आधीच्या गुरुजींना किंवा बाईंना नव्या शाळेत हजर व्हायचं असतं, म्हणून तयार यादीवर सही होते आणि सहा महिन्यांनी तपासणीत फरक निघतो. सही करण्याआधी पाच गोष्टी स्वतः पाहा. पासबुक त्याच दिवशी बँकेतून भरून आणा आणि कॅशबुकातली शिल्लक त्याच्याशी जुळवा. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ काट्यावर वजन करून घ्या, पोती मोजून नव्हे, कारण उघडलेल्या पोत्यात किती उरलं ते डोळ्यांना कळत नाही. जनरल रजिस्टरमधला (मुलांच्या प्रवेशांच्या कायम नोंदवहीतला) शेवटचा क्रमांक चार्ज यादीत लिहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं पुस्तक उघडून कोऱ्या दाखल्यांचे अनुक्रमांक नोंदवा, कारण गहाळ झालेला कोरा दाखला ही फार मोठी जोखीम आहे. आणि डेडस्टॉकमधल्या (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतल्या) टीव्ही, टॅब, संगणकाचा अनुक्रमांक वस्तूवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

त्याच आठवड्यात बँकेत सहीबदलाचा अर्ज द्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांची ओळखपत्रं, बदलीचा आदेश अशी कागदपत्रं लागतात आणि शाखा तालुक्याला असेल तर दोन-तीन खेपा होतात. अनुदान आलं पण सही चालत नाही, अशी अडचण दरवर्षी अनेक शाळांना येते.

छप्पर, भिंत आणि मागची दरड

शाळा उघडण्याआधी किमान दोन आठवडे इमारत स्वतः फिरून पाहा. कौलारू असेल तर आधी आतून वर बघा. दिवसा दारं-खिडक्या बंद केल्या की जिथून उजेडाचा कवडसा दिसतो तिथून पाणी येणार. वासे आणि रिपांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. अशा वाशावर काठीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर लाकूड शाबूत आहे, पोकळ आला तर कौलं नवी घालून उपयोग नाही, आधी वासा बदलावा लागेल. गळतीच्या हमखास जागा तीन: आढ्यावरचे कोने, दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ, आणि झाडाखालचा भाग. पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला साचला की पाणी उलटं फिरून भिंतीत मुरतं आणि लोक कौलांना दोष देत बसतात. छपरावर शिक्षकांनी किंवा मोठ्या मुलांनी चढू नये. शाकारणी करणाऱ्या माणसालाच बोलवा. मे अखेरीला सगळ्या गावाची घरं एकाच वेळी शाकारायची असतात, म्हणून त्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवलेलं बरं.

पत्र्याचं छप्पर असेल तर हुकाचे नट आणि त्याखालचे वॉशर तपासा. खाऱ्या हवेने ते पत्र्याच्या आधी गंजतात. वादळात कडेचा पत्रा आधी उचकटतो आणि मग ओळीने बाकीचे सुटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे किती शाळांचं छप्पर गेलं ते तिथल्या लोकांना विचारा. कडेच्या दोन ओळींचे सगळे नट घट्ट करून घेणं हे कमी खर्चाचं आणि सर्वांत मोलाचं काम. स्लॅब असेल तर पाणी जाण्याची भोकं मोकळी करा. बहुतेक स्लॅब तिथेच गळतात.

वीज वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या जांभ्याच्या भिंतीतून शॉक बसण्याचे प्रकार पावसाळ्यातच होतात. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच नसेल तर बसवा, असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा. झड येते त्या भिंतीवरचे स्विच कायमचे बंद करा. शाळा सुटताना टीव्ही-संगणकाचे प्लग काढून ठेवायची सवय लावा, जूनमधल्या विजांनी होणारं नुकसान टळतं.

आता डोंगराच्या बाजूला जा. कोकणातल्या कितीतरी शाळा उतार कापून काढलेल्या जागेवर आहेत आणि मागे उभी मातीची कड असते. वरच्या जमिनीत कडेला समांतर भेग पडली आहे का, झाडं किंवा विजेचा खांब कलला आहे का, गडग्याचं (दगडी बांधाचं) पोट पुढे आलं आहे का, हे आत्ता पाहा. पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा पाहा. पूर्वी नव्हता तिथे झरा फुटणं किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं हा धोक्याचा इशारा आहे. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भेग दिसली तर तिचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तहसीलदार आणि गटशिक्षणाधिकारी यांना लेखी कळवा, आणि उत्तर येण्याची वाट न पाहता त्या बाजूची खोली बंद करा. दोन वर्ग एका खोलीत बसले तर बिघडत नाही.

इमारतीबाबतची प्रत्येक मागणी ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं.

पाणी

पावसाळ्यात मुलं आजारी पडण्याचं मोठं कारण पाणी. टाकी शाळा उघडण्याआधी पूर्ण रिकामी करून, ब्रशने घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन घ्या आणि झाकण नीट बसतं का पाहा.

शाळेची विहीर असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशोब ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर बसून एकदा स्वतः करा. गोल विहिरीसाठी: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या प्रतीच्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खाली सोडून हलवा. तासभर पाणी उपसू नका. मग ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंग पाहा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. रंग आलाच नाही तर मात्रा कमी पडली.

चुका दोन ठिकाणी होतात. जांभ्यातली विहीर पावसात झपाट्याने भरते. मेमध्ये ४ मीटर पाणी होतं तिथे जुलैत १० मीटर असतं, पण पावडर मात्र मेच्याच हिशोबाने पडत राहते. शिवाय गढूळ पाणी जास्त क्लोरीन खातं. दुसरी चूक पावडर साठवण्याची. कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, उन्हापासून आणि मुलांपासून दूर ठेवा आणि ओटी टेस्ट हाच पुरावा धरा, किती ग्रॅम घातली हा नव्हे.

स्वच्छतागृहाला आतून कडी, दिवा आणि पाणी आहे का, एवढं मुलींच्या बाजूला स्वतः किंवा बाईंना सांगून तपासा. अंगण, पायऱ्या आणि पाखाडीवरचं (दगडी पायवाटेवरचं) शेवाळ दर पंधरवड्याला खरवडा. जूनच्या अखेरीपासून पडझड तिथेच होते.

वाट आणि सुट्टीचा निर्णय

शाळेत येणाऱ्या प्रत्येक वाडीची वाट एकदा पायी चाला. कागदावर अर्धा किलोमीटर असलेल्या वाटेवर एक पऱ्या (ओढा) असतो आणि त्यावर लाकडी साकव (छोटा पूल). कुठली मुलं कुठला पऱ्या ओलांडतात याची वाडीवार यादी करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असताना हीच यादी सगळ्यात आधी लागते.

नेटवर्कवर विसंबू नका. दोन दिवस वीज गेली की टॉवर बंद पडतो. पालकांबरोबर बिनफोनचा नियम ठरवा. साकवाच्या खांबावर किंवा जवळच्या कातळावर लाल रंगाची रेघ मारा. पाणी त्या रेघेला लागलं तर मूल पाठवायचं नाही, शाळा त्याची गैरहजेरी धरणार नाही. रेघ कुठे मारायची ते त्या वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारून ठरवा. पऱ्या कसा चढतो ते त्यालाच ठाऊक असतं.

हवामान खात्याचे इशारे वाचायला शिक्षकांनी शिकलं पाहिजे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. रेड अलर्टला जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली सुट्टी जाहीर करतात. पण आदेश कधी कधी सकाळी उशिरा पोचतो, तोवर लांबची मुलं निघालेली असतात. अशा वेळी सर्वांत वाईट निर्णय म्हणजे आलेल्या मुलांना लगेच परत पाठवणं. खाडीकाठच्या गावांत तर हे फार जपायला हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती दुपारच्या सुमारास येते. त्यात वरून पाऊस असला की नदीचं पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. बाराला शाळा सोडली तर मुलं नेमकी पाणी सर्वांत वर असताना वाटेवर असतात. मुलांना शाळेत थांबवा, खिचडी द्या, ओहोटी लागू द्या आणि पालक आल्यावरच सोडा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मच्छीमार सोसायटीत मिळतं. जून ते सप्टेंबरची पानं फळ्याशेजारी लावून ठेवा.

त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, चाइल्डलाइन १०९८. आणि सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आहे ते जूनमध्ये फोन करून विचारून ठेवा. इथे फुरसं, मण्यार, घोणस, नाग चारही सापडतात. दंश झाला तर पाय-हात हलू न देता, फळी लावून, मुलाला उचलून न्यायचं. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवायचा नाही.

पुराने कागद जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेचे तळमजले पाण्याखाली गेले होते. नदीकाठच्या शाळेने जनरल रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून एक प्रत केंद्रावर (केंद्रशाळेत) ठेवावी आणि मूळ रजिस्टर कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत.

प्रवेश आणि जनरल रजिस्टर

पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण होणारी मुलं धरा. अंगणवाडी सेविकेकडची यादी, आशाताईंकडची यादी आणि तुमची घरोघरची यादी एकमेकींशी ताडा. तिन्ही यादींत नसलेलं मूल बहुधा बागेतल्या राखणदाराचं, वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाचं किंवा मच्छीमारी बोटीवरच्या खलाशाचं असतं. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं पावसानंतर येतात आणि आंबा संपल्यावर जातात. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात गावी असतात आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. म्हणून शोध जूनमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधार नाही म्हणूनही नाही. पालकांचं वयाबाबतचं लेखी निवेदन घ्या, मुलाला त्याच दिवशी वर्गात बसवा, कागद मागाहून.

रजिस्टरातली नोंद मात्र शांतपणे, कागद समोर ठेवून करा. पुढे या एका ओळीवर जातीचा दाखला, नोकरी, पासपोर्ट सगळं अवलंबून असतं आणि नंतरचा बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जन्माच्या दाखल्यावरून लिहा. आधार कार्डावर अंदाजाने टाकलेली १ जानेवारी तशीच उतरवू नका. मुंबईत जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर अनेकदा मुलाचं नावच नसतं. ते महापालिकेतून घालून आणायला पालकांना गणपतीची मुदत द्या, तेव्हा मुंबईचं माणूस गावी येतं आणि त्याच्या हाती काम सोपवता येतं. जातीची नोंद ऐकीव नको, वडिलांच्या किंवा आजोबांच्या दाखल्यावरूनच. नोंद झाली की पालकांना वाचून दाखवा आणि सही घ्या.

पाचवीच्या पुढे एसटीने येणाऱ्या मुलांची यादी आगाराला पहिल्याच आठवड्यात द्या. मुलींना मोफत पास आहे, मुलांना सवलतीचा.

पहिला दिवस

प्रवेशोत्सव साधा आणि छपराखाली करा. पुस्तकं त्याच दिवशी मुलांच्या हातात पडावीत, पाहुण्यांच्या सवडीसाठी ती अडवून ठेवू नयेत. प्रत्येक पुस्तकासोबत प्लास्टिकची पिशवी द्या. पडवीत रेनकोट-छत्र्यांसाठी दोरी आणि खुंट्या, दाराशी गोणपाट, कपाटात जुने टॉवेल आणि दोन-तीन कोरडे कपड्यांचे जोड हवेत. ओल्या कपड्यात बसलेलं पहिलीचं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

पहिले तीन आठवडे: कोण कुठे आहे ते शोधणं

वर्षातला सगळ्यात किमती काळ हाच. लावणी अजून लागलेली नसते, हजेरी चांगली असते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याने ऐका. चार कार्डं पुरतात: अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, एक लहान गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्द, मग अक्षरं. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. वीस मुलांची शाळा दोन दिवसांत होते. गणितात संख्या ओळख, बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार याच पद्धतीने. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानाची अपेक्षा दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्यांची आहे, तेवढा माप म्हणून वापर करा. निकाल वहीत नाव, पातळी, तारीख असा लिहा. शेरे नकोत.

मग मुलांना इयत्तेने न बसवता पातळीने बसवा, निदान भाषा आणि गणिताच्या एकेका तासापुरतं. चौथीतलं मूल शब्दांवर अडत असेल तर त्याला चौथीचा धडा पाठ करायला लावण्यात जून-जुलै फुकट जातात.

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी, ही वाटणी चालते. मुख्याध्यापकांनी पहिली स्वतःकडे घेऊ नये. सभा, प्रशिक्षण आणि तालुक्याच्या फेऱ्यांमुळे सर्वाधिक उठावं लागतं त्यांनाच, आणि पहिलीला एक दिवसही सोडून चालत नाही. ४५ मिनिटांचा तास असा बांधा: पहिली १० मिनिटं सगळे एकत्र, गोष्ट किंवा गप्पा. पुढची १५ मिनिटं सर्वांत मागच्या गटाबरोबर शिक्षक स्वतः, तोवर बाकीचे लेखनात. पुढची १५ दुसऱ्या गटाबरोबर. शेवटची ५ वह्या पाहायला. मागच्या गटाला नेहमी आधी घ्या, कारण तास मधेच तुटला तर शेवटचा गट राहून जातो.

पत्र्यावर सर कोसळू लागली की पहिल्या ओळीतल्या मुलालाही ऐकू येत नाही आणि वीज गेलेली असली तर फळाही दिसत नाही. अशा वेळेसाठी खिडकीजवळ बसून करायच्या कामाची पेटी तयार ठेवा: वाचनकार्डं, चित्रावरून वाक्यं, चिंचोके आणि काड्यांचे दशक, जोडीने सोडवायची उदाहरणं. ओरडून शिकवायचा प्रयत्न करू नका. आवाज जातो आणि मुलांपर्यंत काही पोचत नाही.

पहिलीतल्या मुलाची घरची बोली मालवणी असेल, आगरी असेल, संगमेश्वरी किंवा कातकरी असेल. त्याला त्या बोलीत उत्तर देऊ द्या. पहिल्या महिन्यात बोलतं झालेलं मूल दुसऱ्या महिन्यात वाचायला लागतं. पहिल्याच दिवशी "असं नाही बोलायचं" ऐकलेलं मूल दिवाळीपर्यंत गप्प बसतं.

लावणीच्या दिवसांत

जूनअखेरीपासून जुलैभर घरातली सगळी मोठी माणसं शेतात असतात. मोठी मुलं आवण (भाताची रोपं) वाहायला जातात आणि तिसरी-चौथीतल्या मुली धाकट्या भावंडांपाशी घरी थांबतात. दटावून हे सुटत नाही. कोणत्या घराची लावणी कधी आहे ते आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी घरटी चार-पाच दिवसांचंच काम असतं. भावंडाला अंगणवाडीत सोडायची सोय सेविकेशी बोलून करा. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर मुलगी भावंडासह येते आणि प्रश्न मिटतो. त्या दिवसांत नवा घटक सुरू करू नका, उजळणी घ्या. गैरहजर मुलाच्या नावापुढे कोणता घटक बुडाला तेही लिहा, नाहीतर ऑगस्टमध्ये कुणाचं काय राहिलं ते कळत नाही. आणि पालकसभा जुलैत दुपारी ठेवली तर कुणीही येणार नाही. ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घ्या.

समुद्रकाठच्या गावांत उलटं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून वडील घरी असतात. कोळीवाड्यातली सभा याच दोन महिन्यांत घ्यावी, नारळी पौर्णिमेनंतर ते भेटत नाहीत.

पोषण आहार

पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. भाजी ५० आणि ७५ ग्रॅम, तेल ५ आणि साडेसात ग्रॅम. चाळीस मुलांच्या पाचवीपर्यंतच्या शाळेला दिवसाला ४ किलो तांदूळ, २४ दिवसांच्या महिन्याला ९६ किलो. रोज काट्यावर मोजा. डब्याने मोजलं की महिन्याअखेर शिल्लक कधीच जुळत नाही. सकाळची हजेरी, शिजवलेला तांदूळ, चव रजिस्टर आणि अॅपवरचा आकडा, चारही एकच असले पाहिजेत.

पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवली तर आठवडाभरात खालचा थर ओलावतो आणि बुरशी येते. लाकडी फळ्यांवर वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचा. उघडलेलं पोतं पत्र्याच्या कोठीत ओता. जुना माल आधी वापरा. टोके झालेला तांदूळ निवडून, पाखडून चालतो, बुरशीचा वास येणारा नाही. तो बाजूला ठेवून पंचनामा करा आणि लेखी कळवून बदलून घ्या. शिजवलेलं अन्न वाढण्याआधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने खाऊन पाहावं. स्वयंपाकी ताईंना जूनमध्येच गॅसची नळी आणि रेग्युलेटर तपासून द्या.

समिती आणि पैसा

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. मुदत संपत असेल तर निवड पालकांच्या सभेत, उघड, वाडीवार प्रतिनिधित्व पाहून करा. बिनविरोधाच्या नावाखाली एका वाडीची समिती झाली की दुसरी वाडी वर्षभर शाळेपासून लांब राहते.

संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. किमान १० टक्के स्वच्छतेवर. ते उशिरा आणि हप्त्याने येतं आणि मार्चअखेर न खर्चलेलं परत जातं. म्हणून जूनच्या सभेतच प्राधान्यक्रमाचा ठराव करून ठेवा: वीज दुरुस्ती, छप्पर, पाणी, मग शैक्षणिक साहित्य. पैसे आले की दरपत्रकं मागवायची, एवढंच उरेल. मुंबईच्या ग्रामविकास मंडळाकडून मदत हवी असेल तर अंदाजपत्रक छापून गणपतीआधी तयार ठेवा. चाकरमानी गावात असतात ते दहा दिवस आणि शिमगा, एवढीच संधी. "शाळेला मदत करा" म्हणून कुणी देत नाही, "मागच्या खोलीचे चौदा पत्रे, इतके रुपये" म्हटलं की लगेच देतात.

मुलांची सुरक्षितता

तक्रारपेटी उंचीला मुलांच्या हाताशी हवी, कार्यालयाच्या दाराशी नको. सखी सावित्री समितीची (मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीची) पहिली बैठक जूनमध्येच घ्या. स्वयंपाकी, वाहनचालक, बाहेरून येणारा प्रशिक्षक यांची पोलीस पडताळणी झाली आहे का ते पाहा.

एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धची अशी गोष्ट दडवली तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूल बोलतं आहे तेवढं शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहा, ११२ किंवा १०९८ ला कळवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. मुलाचं नाव समितीतही उघड करू नका. गावकीत मिटवायचा आग्रह होईल, तिथे ठाम राहा. शारीरिक शिक्षेलाही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे पहिल्या शिक्षकसभेत स्पष्ट सांगा.

आधार, यू-डायस आणि ३० सप्टेंबर

३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेला (शाळेला किती शिक्षकपदं ते ठरवायला) धरतात आणि आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. लहान शाळेत एका मुलाने पद जाऊ शकतं. आधार न जुळण्याची कारणं ठरावीक: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, लिंगाची चूक. आधी चूक कुठे आहे ते ठरवा. रजिस्टरात बरोबर आणि आधारवर चूक असेल तर आधार दुरुस्त करायचं, रजिस्टर कधीही आधारप्रमाणे बदलायचं नाही. लहानपणी काढलेल्या आधारसाठी बोटांच्या ठशांचं आणि डोळ्यांच्या नोंदीचं नूतनीकरण वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करावं लागतं. जुलैत मुलांची यादी करून केंद्रप्रमुखांमार्फत गावात शिबिर मागा. सप्टेंबरमध्ये सगळेच मागतात.

यू-डायस प्लसवर (शाळा आणि मुलांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर) मागच्या वर्षीची मुलं पुढच्या इयत्तेत ढकला. मुंबईला गेलेलं मूल नव्या शाळेने ओढून घेतलं नाही तर ते ड्रॉपबॉक्समध्ये (कुठल्याच शाळेत न दिसणाऱ्या मुलांच्या यादीत) पडून राहतं आणि शाळाबाह्य दिसतं. पालकांना फोन करून नव्या शाळेचं नाव घ्या, त्या शाळेला मुलाचा कायम शिक्षण क्रमांक आणि जन्मतारीख पाठवा, दोन मिनिटांत काम होतं. तुमच्याकडे आलेल्यांचंही तसंच.

पावसाच्या सुट्ट्यांची नोंद ठेवा. पाचवीपर्यंत किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं कायद्याने लागतं. गणपतीची लांब सुट्टी धरून ऑगस्टअखेर किती दिवस बुडाले ते मोजा आणि भरपाईचे शनिवार दिवाळीआधी जाहीर करा.

पट भरून झाला की पोर्टलवरच्या मुलांची यादी छापून हजेरीपटाशी एकेक नाव जुळवा, वर्गशिक्षकांची सही घ्या, आणि ती यादी २९ सप्टेंबरच्या आत केंद्रावर पोच घेऊन द्या. ३० तारखेला संकेतस्थळ चालत नाही.